महालक्ष्मीची आरास आणि घरचा हिशेब

पंढरपुरात पैसा वारीच्या मागोमाग येतो. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर इथली कुंकू-बुक्क्याची, तुळशीमाळांची, चुरमुरे-बत्ताशांची दुकानं चालतात. अनेक घरांतल्या खोल्या त्या दिवसांत वारकऱ्यांना दिल्या जातात आणि त्या कमाईवर पुढचे दोन-तीन महिने निघतात. आषाढीत हातात आलेला पैसा शाळेची फी, वह्या-पुस्तकं, नागपंचमी, राखी असं करत भाद्रपदापर्यंत पोचतो, तेव्हा त्यात फारसा जीव उरलेला नसतो. कार्तिकी लांब असते आणि तिच्या आधी दिवाळी उभी असते. नेमक्या याच दिवसांत अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात. आपल्याकडे त्यांना महालक्ष्म्याच म्हणतात. त्यांच्या आराशीवर किती खर्च करायचा, हा प्रश्न म्हणून इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोकदार आहे. ऐन वेळी बाजारात उभं राहून तो सोडवणाऱ्या घरांची दिवाळी ओढग्रस्तीत जाते, हे या गावात पुन्हा पुन्हा दिसतं. उसनवारी, भिशी आधी उचलणं, मोबाईलवरून हप्त्यानं केलेली खरेदी, या सगळ्याच्या मुळाशी बऱ्याचदा तीन दिवसांची आरास असते. अशा अनुभवांतून जे शिकण्यासारखं आहे ते नीट मांडावं, एवढ्यासाठी हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आरास महाग होते ती वस्तूंच्या किमतीमुळे नव्हे, तर वस्तूंच्या जातीमुळे. जुन्या पद्धतीच्या महालक्ष्म्या डोळ्यांसमोर आणा. पितळी किंवा शाडूचे मुखवटे, धड म्हणून पत्र्याच्या कोथळ्या, शेजारी पिलवंडं, समया, तांब्या-पितळेची भांडी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या पेटीतून निघतं आणि पेटीत परत जातं. पुढ्यातल्या गव्हा-ज्वारीच्या राशी, वर टांगलेला फुलोरा, ताटांत मांडलेले लाडू, शेव, चकल्या, अनारसे हे पुढच्या आठवड्यात घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या पोटात जातं. केळीचे खांब, आघाडा, दुर्वा, शेवंती, झेंडू हे जमिनीतून येतं आणि जमिनीत जातं. म्हणजे आराशीतली प्रत्येक वस्तू एक तर टिकणारी, नाही तर खाण्यातली, नाही तर उगवलेली. आपल्या आजी-पणजींनी ही विभागणी कागदावर केली नव्हती. हातात रोख पैसा कमी असताना, धान्य मात्र घरात असताना जे सुचलं ते त्यांनी केलं, आणि म्हणूनच ती आरास गरिबालाही झेपत होती. आज ज्या खरेदीनं घराचं गणित बिघडतं ती या तिन्हींत बसत नाही. फोमशीटचं कापीव मखर, चमकीच्या झालरी, प्लॅस्टिकच्या वेली, त्या वर्षीच्या फॅशनची पडद्याची चौकट: या वस्तू टिकत नाहीत, खाता येत नाहीत आणि कुजतही नाहीत. माझ्या मते पैसा गळतो तो इथे, आणि काटकसर करायची तर कात्री इथेच लावावी.

थर्माकोलचं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. कितीतरी वर्षं थर्माकोलची मखरं म्हणजे स्वस्त आरास असं समीकरण होतं. हलकी, पांढरीशुभ्र, हवी तशी कोरलेली. पण ती पुढच्या वर्षापर्यंत धड राहत नसत. कोपरे तुटत, पिवळी पडत, माळ्यावर उंदीर कुरतडत, आणि मग दर भाद्रपदात नवी घ्यावी लागत. जुनी कुठे जात, हे भीमेच्या काठच्या माणसाला सांगायला नको. 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र सरकारनं प्लॅस्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली, आणि पुढे केंद्र सरकारनं 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आणली त्यांतही सजावटीच्या थर्माकोलचं नाव स्पष्ट होतं. त्यामुळे थर्माकोलचा प्रश्न कायद्यानं तरी सुटला. खर्चाचा मात्र सुटला नाही, कारण त्याच्या जागी रंगीत फोमशीट आलं, तसंच कोरलेलं, तसंच नाजूक आणि तसंच एका-दोन वर्षांत टाकाऊ. साहित्य बदललं, सवय तीच राहिली. सरकारला वस्तूवर बंदी घालता येते, दरवर्षी नवं घेण्याच्या सवयीवर घालता येत नाही. ती घरातच मोडावी लागते.

हिशेब मांडून पाहू. समजा एखाद्यानं 3,000 रुपयांचं तयार मखर घेतलं आणि ते दोन वर्षं चाललं, तर वर्षाला 1,500 रुपये झाले. दुसऱ्यानं गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून घडी होणारी लोखंडी चौकट आणि तीन पायऱ्या 6,000 रुपयांत करून घेतल्या, दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात दिला, आणि त्या पंधरा वर्षं चालल्या, तर रंगाचा खर्च सोडून वर्षाला 400 रुपये पडले. त्यावर टाकायला घरातली काठापदराची साडी, सोलापुरी चादर, मोठी शाल हे असतंच. आकडे ज्यानं त्यानं आपल्या बाजारातले घालावेत, पण तफावत साधारण अशीच निघेल. इथे एक अडचण खरी आहे: 6,000 रुपये एकदम कुठून आणायचे? म्हणून चौकट ही भाद्रपदात घ्यायची वस्तूच नाही. ती आषाढीनंतर लगेच, हातात कमाई असताना करावी. तेव्हा कारागीरही मोकळा असतो आणि भाव करायला वेळ असतो. तेवढंही जमत नसेल तर एका वर्षी पायऱ्या, पुढच्या वर्षी चौकट असं करावं. एका वर्षी आरास थोडी अपुरी दिसली तर काही बिघडत नाही. कर्ज काढून पूर्ण केलेल्या आराशीचे हप्ते मात्र पौषापर्यंत पुरतात.

साड्यांबद्दल थोडं विस्तारानं बोलायला हवं, कारण तिथे चांगली रीत हळूहळू वाईट होते आहे. महालक्ष्म्यांना दोन नव्या साड्या नेसवायच्या आणि विसर्जनानंतर त्या लेकी-सुनांनी, सासवा-नणंदांनी प्रसाद म्हणून वापरायच्या, ही पद्धत काटकसरीचीच आहे. साडी घरात कोणाला तरी लागणारच असते. तिची घडी महालक्ष्मीच्या अंगावर मोडली, एवढाच फरक. म्हणून साडीचा खर्च मी आराशीत धरत नाही, कपड्यालत्त्यात धरतो. पण अलीकडे स्टँडच्या मापाच्या, आधीच निऱ्या घालून शिवलेल्या साड्या मिळू लागल्या आहेत. नेसवायला पाच मिनिटं लागतात, दिसतात चापूनचोपून, आणि दिवसभर राबणाऱ्या बाईला ती सोय वाटते हे मी समजू शकतो. मात्र शिवलेली साडी नंतर कोणी नेसू शकत नाही. जी वस्तू वर्षभर वापरात आली असती ती तीन दिवसांपुरती झाली. सोय हवीच असेल तर एकच शिवलेली जोडी घ्यावी आणि ती दरवर्षी वापरावी, किंवा साधी साडी पिना लावून नेसवावी. कापू मात्र नये. दागिन्यांचंही तसंच. खोट्या दागिन्यांचा नवा संच दरवर्षी लागतो, कारण जुना काळा पडतो, आणि काळा पडतो तो बहुधा ओलसर हवेत उघडा ठेवल्यामुळे. कोरड्या कापसात गुंडाळून बंद डब्यात ठेवलेला संच चार-पाच वर्षं सहज निघतो.

फुलांच्या बाबतीत माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. आक्षेप असा की, ताजी फुलं दरवर्षी विकत घ्यावी लागतात, सणाच्या सकाळी शेवंतीचा भाव दुप्पट-तिप्पट होतो, आणि प्लॅस्टिकची फुलं एकदा घेतली की पाच वर्षं चालतात. मग टिकणाऱ्या वस्तूचा नियम लावला तर प्लॅस्टिकच जिंकतं. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण प्लॅस्टिकची माळ पाच वर्षं चालू शकते आणि पाच वर्षं चालवली जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुळीनं ती दुसऱ्याच वर्षी मळकट दिसते, धुतली तर रंग उतरतो, आणि बाजारात तोवर नवा प्रकार आलेला असतो. ज्या घरात खरोखरच तीच माळ पाच वर्षं लावतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. इतरांना दुसरा मार्ग सुचवतो. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलावर येतं. आषाढी एकादशीपासून महालक्ष्म्यांपर्यंत जवळजवळ तेवढेच दिवस असतात. आषाढीच्या सुमारास दहा-बारा रोपं कुंड्यांत, जुन्या डब्यांत, परसात लावली तर पूजेपुरती आणि दोन तोरणांपुरती फुलं घरची होतात. मधे अधिक महिना आला तर रोपं उशिरा लावायची, एवढंच ध्यानात ठेवायचं. विकत घ्यायची फुलं मग फक्त वेण्यांना आणि हारांना लागतात. पसरट जागा भरायला फूल वापरूच नये, तिथे आंब्याचा टाळा, अशोकाची पानं आणि आसपासच्या मळ्यातला केळीचा खुंट यांनी जागा भरते आणि हिरवीगार दिसते.

रोषणाईचा खर्च बहुतेकांना कळत नाही, कारण तो महिन्यानं बिलात येतो. 500 वॅटचे दोन हॅलोजन दिवसाला सहा तास, तीन दिवस लावले तर 18 युनिट वीज जाते. 10 वॅटची एलईडी माळ तेवढाच वेळ लावली तर पाव युनिटही होत नाही. हॅलोजनचा ताप वेगळाच: फुलं कोमेजतात, फुलोऱ्यातल्या करंज्या मऊ पडतात, मागच्या पडद्याला धग लागते. स्वस्तातल्या माळा घेताना वायरची जाडी आणि पिन बघून घ्यावी, एकाच सॉकेटवर चार माळा अडकवू नयेत, आणि समई-निरांजनापासून कापड हातभर तरी लांब असावं. महालक्ष्म्यांपुढचा दिवा रात्रभर तेवता ठेवणाऱ्या घरांनी तर हे कटाक्षानं पाळावं. या बाबतीत काटकसर आणि सुरक्षितता एकाच बाजूला आहेत.

आता फुलोऱ्याकडे येतो, कारण माझ्या युक्तिवादाचा खरा आधार तोच आहे. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, आणि कणकेच्या किंवा मैद्याच्या वेणी, फणी, आरसा, करंडा अशा आकृत्या तळून दोऱ्यानं महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या, हा सजावटीचा असा प्रकार आहे की ज्याला वेगळा खर्चच नाही. तेल, पीठ, गूळ, खोबरं हे फराळाला लागणारच होतं. फुलोरा उतरवला की तो मुलांच्या हातात जातो. जगात इतरत्रही लोकांनी हीच वाट काढली होती. जर्मनीत नाताळचं झाड घरात आणायची प्रथा रुजली तेव्हा त्यावर सफरचंदं, पातळ पोळीसारखे वेफर, सुका मेवा आणि मिठाई टांगत असत, आणि सण संपला की मुलं ते झाड लुटत. पुढे एकोणिसाव्या शतकात थुरिंगिया भागातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी काचेचे गोळे आणि फळं घडवली, ती सगळीकडे गेली, आणि कुटुंबं ती कापसात गुंडाळून वर्षानुवर्षं जपू लागली. म्हणजे तिथेही आधी खाण्यातलं, मग टिकणारं. तिसरी, टाकाऊ जात आली ती प्लॅस्टिकबरोबर. सोलापूर, अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला झाड सजवतात आणि दारात कागदी तारा लावतात, त्यांनाही हेच गणित लागू पडतं. तीच पेटी, तेच गोळे, ताऱ्याचा सांगाडा तोच आणि कागद तेवढा नवा. फराळाच्या करंज्या तर त्यांच्याकडे नाताळलाही होतातच.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप भक्तीचा. देवाच्या कामात हात आखडू नये, वर्षातून एकदा माहेरवाशीण येते तेव्हा तिच्यासमोर कसला हिशेब, असं म्हणणारी माणसं मनापासून म्हणतात आणि मी त्यांचा आदर करतो. पण पंढरपूरच्या माणसानं तरी हा आक्षेप घेताना आपल्या गावाकडे पाहावं. ज्या देवासाठी लाखो माणसं पायी चालत येतात त्याच्या गळ्यातली सर्वांत मानाची वस्तू तुळशीची माळ आहे आणि कपाळी लावायचा तो बुक्का. दोन्ही वस्तू कोणालाही परवडतात. मंदिरात एकादशीला फुलांची मोठी आरास होते ती भाविकांच्या देणगीतून होते, आणि ती पाहायला सगळ्यांना मिळते. घराघरानं तिची नक्कल करण्याची गरज नाही. शिवाय महालक्ष्मीच्या पूजेचा गाभा आराशीत नाहीच. तो ज्येष्ठा नक्षत्रावरच्या जेवणात आहे: पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, सवाष्ण आणि आल्यागेल्याला पोटभर ताट. माझा आग्रह असा की कपात करायची वेळ आली तर जेवणात करू नये, मखरात करावी. चार सवाष्णींच्या जागी एक बोलावून वाचलेल्या पैशात झालर आणली, तर त्यात माहेरवाशिणीचा मान वाढला असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप मुलांचा आणि शेजाऱ्यांचा. दरवर्षी तेच तेच पाहून मुलं कंटाळतात, हळदीकुंकवाला आलेल्या बायका नव्या गोष्टीकडेच बघतात, घरगुती सजावटीच्या स्पर्धा असतात, मोबाईलवर फोटो फिरतात. हे दडपण खोटं नाही. पण नवेपणा विकतच घ्यावा लागतो, ही समजूत तपासून बघण्यासारखी आहे. पायऱ्या त्याच ठेवून मांडणी बदलता येते. यंदा मागे हिरवी साडी, पुढच्या वर्षी तांबडी. आपल्या गावात वारीचा देखावा करायला कोणाला शिकवावं लागत नाही, आणि मातीच्या चार चित्रांनी सुरू केलेली दिंडी दरवर्षी दोन-दोन वारकऱ्यांनी वाढवत नेली तर मुलं त्या दोघांची वाट बघतात. पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, ज्वारीची ताटं, माती यांतून मुलांनी केलेली मंदिराची प्रतिकृती थोडी वाकडी होते, पण ते तिच्यापाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की आम्ही केली. स्पर्धेत भाग घ्यायचा तर जरूर घ्यावा, मात्र बक्षिसाच्या आशेनं बक्षिसाहून जास्त रक्कम घालू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. स्वस्त आरास म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या कष्टांची आरास. विकतचं नको म्हटलं की फुलोरा तिनं तळायचा, पितळ तिनं घासायचं, फुलं तिनं ओवायची, साड्या तिनं इस्त्री करून ठेवायच्या, आणि वाचलेल्या पैशांचं कौतुक घरातल्या पुरुषांनी करायचं. असा हिशेब मी हिशेब मानत नाही. पैशाबरोबर तास मोजले पाहिजेत. त्यामुळे ज्या घरात एकच बाई राबते आणि नोकरीही करते, तिथे फुलोऱ्याच्या पाच आकृत्या पुरेत, सोळांचा हट्ट नको. फराळाचे काही जिन्नस बचत गटाकडून घ्यावेत. तो पैसा गावातल्याच दुसऱ्या बाईच्या हातात जातो आणि वस्तू खाण्यातलीच राहते. पितळ घासणं, चौकट उभी करणं, वायरी ओढणं, विसर्जनानंतर आवरणं ही कामं मुलांनी आणि पुरुषांनी करावीत. त्यात विशेष कसब लागत नाही. वाटून घेता येईल एवढीच आरास करावी, ही मर्यादा पैशाच्या मर्यादेइतकीच पक्की धरावी.

शेवटची गोष्ट साठवणीची. टिकणाऱ्या वस्तू टिकतात त्या ठेवण्याच्या पद्धतीमुळे. मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की दमलेल्या हातांनी सगळं एका पोत्यात कोंबायचं आणि माळ्यावर टाकायचं, इथेच पुढच्या वर्षीचा खर्च जन्माला येतो. पत्र्याची एक पेटी फक्त महालक्ष्म्यांची असावी. मुखवटे सुती कापडात, साड्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला, माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली यादी: काय आहे, काय मोडलं, काय आणायचं. नदीकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी पेटी उंचावर ठेवावी, कारण वरून धरणांचं पाणी सुटलं की भीमा घरात शिरायला वेळ लावत नाही. ही यादी आषाढीनंतर उघडावी, भाद्रपदात नव्हे, आणि बाजारात जाताना ती हातात असावी. यादीत नसलेली वस्तू आवडली तर आधी विचारावं: ही दहा वर्षं राहील का, खाल्ली जाईल का, मातीत जाईल का? तिन्हींना नाही असं उत्तर आलं तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

आणि एक विनंती, आराशी करणाऱ्यांना नव्हे, त्या बघायला जाणाऱ्यांना. हळदीकुंकवाला दारात पाऊल टाकताच ‘यंदा नवीन काय केलंत?’ असं विचारू नका. त्या एका प्रश्नापायी कितीतरी घरांतून न झेपणारी खरेदी होते. मुखवटे कोणाच्या वेळचे आहेत ते विचारा, फुलोऱ्यातली वेणी कोणी वळली ते विचारा, आणि दिलेली करंजी तिथेच बसून खा.